भंगारात निघालेला इतिहास : बुलढाणा जिल्ह्यातील जुन्या शिलाई मशिनी

खामगावच्या एका भंगाराच्या दुकानात आम्ही ती मशीन पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती काट्यावर होती. दुकानदार तिचे वजन करीत होता. मशीन किती वर्षांची, कोणाची, चालते की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. बिडाचे लोखंड, म्हणून बिडाचा भाव. लाकडी पेटी त्याने आधीच बाजूला फेकली होती. आम्ही दोघे-तिघे दुसऱ्याच कामासाठी तिथे गेलो होतो. काळ्या अंगावरचा पुसट सोनेरी नक्षा पाहून थबकलो आणि भंगाराच्या भावापेक्षा थोडे जास्त पैसे देऊन ती मशीन आणि पेटी दोन्ही घरी घेऊन आलो.

पेटीच्या कप्प्यात तीन गंजलेल्या सुया निघाल्या, दोऱ्याची रिकामी रीळ निघाली, खडूचा झिजलेला तुकडा निघाला. तळाशी कागदाची एक घडी होती. त्यावर उर्दू लिपीत पेन्सिलीने मापे लिहिली होती. सीना, कमर, आस्तीन, लंबाई. कोणाची मापे, ते लिहिलेले नव्हते. लिहिणारीला ते ठाऊक असणार, म्हणून नाव लिहिण्याची तिला गरज वाटली नसावी.

त्या कागदाने आम्हाला या नादाला लावले. आज आमच्याकडे अशा काही मशिनी आहेत. काही दुरुस्त होऊन चालू लागल्या, काही सुट्या भागांसाठी पडून आहेत, काही दुरुस्त करून पुन्हा कोणाच्या तरी घरी गेल्या. छंद म्हणून सुरू झालेले हे काम करताना एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात लोणारचे विवर आहे, सिंदखेडराजा आहे, रोहिणखेडची मशीद आहे, साखरखेर्ड्याची १७२४ ची लढाई आहे, खामगावची कापसाची बाजारपेठ आहे. जमीन विकली तरी सातबाऱ्यावर नाव राहते. घर विकले तरी खरेदीखत राहते. पण ज्या बाईने चाळीस वर्षे अर्ध्या मोहल्ल्याचे कपडे शिवले तिच्या श्रमाची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. तिची मशीन हाच तिचा दस्तऐवज, आणि तो सध्या किलोच्या भावाने विकला जात आहे.

कापूस गेला, मशीन आली

या मशिनी आमच्याकडे कशा आल्या हे समजून घेण्यासाठी आधी कापसाकडे पाहावे लागते. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेत यादवी युद्ध झाले. अमेरिकेचा कापूस बंद पडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडाची आठवण झाली. १८६७ मध्ये भुसावळहून निघालेला लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव करीत नागपूरला पोचला. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंतचा छोटा फाटा खुला झाला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. सात-आठ मैलांच्या रुळांसाठी व्हाइसरॉयने यावे, यावरूनच खामगावच्या कापसाचे मोल कळते.

या रुळांवरून गाठी मुंबईला गेल्या, तिथून जहाजाने विलायतेला गेल्या आणि तयार कापड होऊन परत आल्या. कापडाच्या मागोमाग त्याच वाटेने शिलाई मशीन आली. पेस्लीचा दोरा आला, विलायती सुया आल्या. आमच्या काळ्या मातीतला कापूस सात समुद्र हिंडून परत आला आणि आमच्याच घरात विलायती मशीनवर शिवला गेला. कोणी कमावले आणि कोणी गमावले, हा हिशेब निराळा. तरी या व्यवहारातून आमच्या हाती जी एक टिकाऊ आणि उपयोगी वस्तू लागली ती ही मशीन, असे आम्हाला वाटते.

मशीनचा स्वतःचा जन्मही सुखाचा नव्हता. फ्रान्समधल्या बार्थेलेमी तिमोनिए या गरीब शिंप्याने १८३० मध्ये आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. पॅरिसमध्ये सुमारे ऐंशी यंत्रांवर सैन्याचे गणवेश शिवले जाऊ लागले. आपली रोजी जाणार या भीतीने १८३१ मध्ये शिंप्यांच्या जमावाने तो कारखाना फोडला. तिमोनिए १८५७ मध्ये दारिद्र्यात वारला. अमेरिकेत वॉल्टर हंटने १८३४ च्या सुमारास चालणारे यंत्र तयार केले, पण शिवणाऱ्या बायकांचे काम जाईल म्हणून पेटंट घेतले नाही, असे सांगतात. १८४६ मध्ये एलियस होव याने पेटंट घेतले आणि १८५१ मध्ये आयझॅक सिंगरने. भांडणे झाली, खटले झाले, आणि १८५६ मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपापली पेटंटे एकत्र करून समझोता केला. त्याच सुमारास सिंगर कंपनीने हप्त्याने विकण्याची पद्धत काढली. मशीन घरोघर पोचली ती या हप्त्यांमुळे.

आमच्या भागात सापडणाऱ्या जुन्या सिंगर मशिनींपैकी बहुतेक स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक गावच्या आहेत. तिथला कारखाना १८८५ मध्ये सुरू झाला. १९१३ या एका वर्षात तिथून सुमारे तेरा लाख मशिनी बाहेर पडल्या. त्याच्या दोनच वर्षे आधी, मार्च १९११ मध्ये, तिथे मोठा संप झाला. मशीनच्या लाकडी पेट्यांना पॉलिश करणाऱ्या विभागात माणसे कमी करून उरलेल्यांवर जास्त काम लादले गेले. त्याविरुद्ध पहिल्यांदा काम थांबवले ते बारा स्त्रियांनी. बघता बघता अकरा हजारांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप फसला आणि पुढाऱ्यांसह शेकडो कामगारांना काढून टाकण्यात आले. त्या काळातली एखादी पेटी साफ करताना आम्हाला त्या बारा जणी आठवतात. पेटी पॉलिश करणारी बाई तिकडे आणि त्या पेटीपुढे बसून शिवणारी बाई इकडे. दोघींनी एकमेकींना कधी पाहिले नाही. पण कमी दामात जास्त काम म्हणजे काय, हे दोघींनाही सारखेच ठाऊक होते. १९८० मध्ये तो कारखाना बंद पडला. त्याच्या मशिनी मात्र मेहकर-चिखलीच्या गल्ल्यांत अजून चालतात.

दर्जी, शिंपी आणि न शिवलेले वस्त्र

हिंदुस्थानात सिंगरचा व्यवसाय उभा केला तो नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी. १८७५ च्या सुमारास ते या कामात आले आणि पुढे तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोन इथला कारभार पाहिला. त्यांच्यापुढची अडचण मोठी होती. इथले लोक धोतर नेसतात, लुगडे नेसतात, पागोटे बांधतात. जे नेसायचे आणि बांधायचे त्याला शिवायचे काय? म्हणून मशीनचे पहिले मोठे गिऱ्हाईक घरातली गृहिणी नव्हती, बाजारातला दर्जी होता.

शिवलेल्या कपड्यांची परंपरा मात्र आपल्याकडे जुनीच होती. शिंप्याच्या दुकानातली भाषा ऐकली की ते कळते. अस्तर, रफू, बखिया, गज, पायजमा हे शब्द फारसीतून आले. दर्जी हा शब्दही फारसीच. 'दर्ज' म्हणजे शिवण. काज आणि इस्त्री पोर्तुगिजांकडून आले. शिवणे, सुई, दोरा हे आपले जुने देशी शब्द. एक साधा सदरा शिवताना शिंपी दिवसभर चार मुलखांची भाषा बोलतो आणि त्याला ते जाणवतही नाही. मराठी ही कोणा एकाची नाही हे पटवून देण्यासाठी आपण मोठमोठी भाषणे करतो. शिंप्याच्या दुकानात तासभर बसले तरी ते पटावे.

मुस्लिम परंपरेत शिवणकामाचा आरंभ हजरत इद्रीस अलैहिस्सलाम यांच्याशी जोडतात. प्रेषित मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि वसल्लम आपले कपडे स्वतः सांधत, हे तर आपल्या घरातल्या लहान मुलालाही सांगितले जाते. इकडे महाराष्ट्रात संत नामदेव शिंप्याच्या घरात जन्मले. त्यामुळे आमच्या बाजारपेठांत शिंपी आणि दर्जी शेजारी शेजारी बसले, एकमेकांचे पट्टे आणि सुया उसन्या घेतल्या, ईदेला एकाकडे काम जास्त झाले तर दुसऱ्याने हात लावला आणि दिवाळीला त्याची परतफेड झाली. रमजानचे वीस रोजे उलटले की टेलरमास्तर नवे कापड घेत नसत. चाँदरातीला दुकानातले दिवे पहाटेपर्यंत विझत नसत. हे पाहिलेली माणसे आजही आहेत.

दुकानात पायमशीन आणि घरात हातमशीन, अशी विभागणी पुढे झाली. पायमशीनला स्टँड लागतो, जागा लागते, खुर्ची लागते. पण पायाने चालत असल्याने दोन्ही हात मोकळे राहतात आणि काम झपाट्याने होते. हातमशीन चटईवर ठेवून मांडी घालून चालवता येते. उजव्या हाताने चाक फिरवायचे, डाव्या हाताने कापड सरकवायचे. काम झाले की पेटीचे झाकण लावून कोनाड्यात ठेवायची. ओसरीच्या आत राहणाऱ्या बायकांना ती सोयीची पडली.

तिच्या नावावरची एकच वस्तू

भंगारवाल्याने मोहल्ल्याचे नाव सांगितले होते, म्हणून ती पहिली मशीन दुरुस्त झाल्यावर आम्ही त्या घराचा शोध घेतला. मशीन नातवाने विकली होती. घरात म्हातारी सून होती. आम्ही मापांचा कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "ये मेरी सास का हाथ है. इसी मशीन पे उन्होंने तीन बेटियों के जोडे सिये. गल्ली की कितनी लडकियों के सिये, उसका तो हिसाबच नहीं."

तिने जे सांगितले ते असे. सासूला लवकर वैधव्य आले. ही मशीन तिने बाजारातल्या एका शिंप्याकडून जुनी म्हणून घेतली आणि पैसे महिन्या महिन्याने फेडले. शिलाई कधी पैशांत मिळाली, कधी ज्वारीत, कधी मिळालीच नाही. सैलानीबाबांच्या यात्रेआधी गलेफाला गोटा लावण्याचे काम यायचे. जूनमध्ये शाळेचे गणवेश यायचे. रमजानमध्ये तर श्वास घ्यायला सवड नसायची. घर सासऱ्याच्या नावावर होते, पुढे मुलांच्या नावावर झाले. मशीन तेवढी तिची होती.

आपल्याकडे मुलीच्या लग्नात शिलाई मशीन देण्याची रीत पडली तिच्यामागे हाच विचार असावा. दागिना मोडावा लागतो, भांडी वाटली जातात. मशीन कमावून देते. विधवेला, सोडून दिलेल्या बाईला आधार म्हणून मोहल्ल्याने वर्गणी काढून मशीन घेऊन दिल्याच्या आठवणी गावोगाव ऐकू येतात.

यंत्रांना विरोध करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये एका संवादात शिलाई मशीनचा अपवाद केला होता. आपल्या बायकोचे कष्ट पाहून सिंगरने हे यंत्र काढले, यंत्रामागे असे प्रेम असावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सिंगरचे चरित्र पाहता ही कथा खरी वाटत नाही. त्याचा ओढा प्रेमापेक्षा नफ्याकडे जास्त होता. पण मशीन बनवायला मोठा कारखाना लागणार, त्याचे काय, असे विचारल्यावर असे कारखाने सरकारच्या ताब्यात असावेत, असेही गांधीजी म्हणाले होते. म्हणजे घरात बसून शिवणाऱ्या हाताइतकाच कारखान्यातला हातही त्यांच्या ध्यानात होता.

मात्र मशीनचे गुणगान करताना दुसरी बाजू झाकता येत नाही. बाईला मशीन दिली की तिचा प्रश्न सुटला, असे आपण फार लवकर मानून घेतले. मुलगी शाळेत हुशार आहे, पण दहावीनंतर शिवणक्लास लावून देऊ. सून शिकलेली आहे, पण घरी बसून चार पैसे मिळवते आहे, मग बाहेर कशाला जाऊ द्यायची, असे बोल आपल्याच घरांतून आपण ऐकले आहेत. २००६ मध्ये आलेल्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवून दिले की, घरात बसून काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांचे प्रमाण इतरांच्या तुलनेत बरेच जास्त आहे. घरातल्या कामाला नगावर मजुरी, तीही ठेकेदार ठरवील ती. आजारपणाची रजा नाही, म्हातारपणाची सोय नाही. मशीनने कितीतरी घरांची चूल पेटती ठेवली हे खरे, आणि तिच्याच आडोशाने कितीतरी मुलींची पुस्तके बंद झाली हेही खरे. आम्ही या मशिनींवर प्रेम करतो, म्हणून हे लिहिणे आमच्यावर जास्त बंधनकारक आहे.

लोखंड कसे वाचावे

आता थोडे कामाचे. जुनी मशीन हाती आली की आम्ही आधी तिचा क्रमांक पाहतो. सिंगरच्या पाटावर, चाकाच्या बाजूला तो ठोकलेला असतो. क्लाइडबँकच्या मशिनींवर १९०० पासून आकड्यापूर्वी इंग्रजी अक्षर येऊ लागले. 'वाय' अक्षर असेल तर मशीन १९२० च्या दशकातली किंवा त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतली. 'ई'ने सुरू होणारी दोन अक्षरे असतील तर १९३५ नंतरची. क्रमांकाच्या ठिकाणी काहीच नसेल आणि नक्षा मात्र सिंगरसारखा असेल, तर ती बहुधा त्या धर्तीवर बनवलेली दुसरीच मशीन असते. म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. तिने शिवलेला सदराही सदराच असतो.

देशी मशिनींचा इतिहासही आता जुना झाला आहे. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३५ च्या सुमारास उषा मशीन बाजारात आणली. पुढे लुधियानात सुट्या भागांचे आणि मशिनींचे छोटे कारखाने उभे राहिले. यातल्या बऱ्याच मशिनी गोल बॉबिनच्या सिंगरच्या घडणीवर बेतल्या आहेत. त्यामुळे नव्वद वर्षांपूर्वीच्या अशा सिंगरला आजही बाजारात मिळणारी बॉबिन आणि सुई चालते. लांब शटलची मशीन असेल तर अडचण येते. होडीसारखे शटल आणि त्यातली लांबट बॉबिन जपून ठेवावी लागते. ती हरवली की मशीन मुकी होते.

दुरुस्तीत घाई करू नये. जाम झालेली मशीन बहुधा मोडलेली नसते. तिच्यात वर्षानुवर्षांचे तेल घट्ट होऊन बसलेले असते. घरात मशीनचे तेल नसले की बायका खोबरेल किंवा गोडेतेल घालत. ते वाळून राळेसारखे होते. रॉकेलचे थेंब प्रत्येक छिद्रात सोडून दोन-तीन दिवस थांबावे, चाक हलकेच मागेपुढे करावे, मग जुना मळ पुसून मशीनचे पातळ तेल द्यावे. सुटेना म्हणून हातोडी मारणाऱ्याला आम्ही आमच्याकडे काम करू देत नाही. दात्यांखाली साठलेला कापसाचा भुगा चिमट्याने काढावा. पायमशीनचा चामडी पट्टा ढिला झाला असेल तर कापून पुन्हा जोडावा. मलमलीला बारीक सुई, जीनला जाड सुई लावावी. मशीन टाके सोडते तेव्हा दहातल्या सहा वेळा दोष सुईचा असतो, मशीनचा नसतो.

टाका तपासण्यासाठी वर लाल आणि खाली पांढरा दोरा घालावा. मशीनच्या सुईचे छिद्र टोकाशी असते. ती खाली जाऊन वर येऊ लागते तेव्हा वरच्या दोऱ्याचा फास तयार होतो आणि त्यातून खालचा दोरा निघून जातो. दोन्ही दोरे कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. वरून लाल आणि खालून पांढरा एवढेच दिसले तर ताण बरोबर आहे. खाली लाल ठिपके दिसले तर वरचा ताण वाढवावा.

आमच्या हातून चुकाही झाल्या आहेत. सुरुवातीला एका मशीनवरचा मळ काढायला आम्ही थिनर वापरला. मळाबरोबर सोनेरी नक्षाही गेला. त्यावर पंख पसरलेला, माणसाच्या तोंडाचा सिंह होता. ऐंशी-नव्वद वर्षे टिकलेले चित्र आम्ही पाच मिनिटांत पुसले. तेव्हापासून नक्षाला साध्या मशीनच्या तेलाच्या फडक्याखेरीज काही लावत नाही, आणि झिजलेला नक्षा नव्याने चिकटवतही नाही. हातमशीनच्या पाटावर सुईच्या डावीकडे, पुढच्या कडेला नक्षा झिजलेला असतो. तिथे कापड सरकवणारा डावा हात वर्षानुवर्षे टेकलेला असतो. ती झीज पुसून नवा नक्षा लावणे म्हणजे दस्तऐवजावरचा अंगठा खोडणे आहे.

मशीन कुठे चालली

मशिनी घरातून बाहेर पडण्याची कारणे पुष्कळ आहेत. तयार कपड्यांमुळे शिलाई महाग वाटू लागली. विजेच्या मशिनी आल्या. जिल्हा परिषदेच्या योजनांतून मशिनी मिळतात. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत शिंपीकामही आहे आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांचे साहाय्य आहे. नवी मशीन मिळावी, तिने कष्ट कमी व्हावेत, यात वाईट काही नाही. पण नवी आली की जुनी भंगारात जाते. मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत पायमशीनच्या स्टँडवर काच टाकून टेबल केलेले दिसते. लोक त्यावर चहाचे कप ठेवतात. वरची मशीन कुठे गेली, ते कोणी विचारत नाही.

कधी लोभही येतो. एप्रिल २००९ मध्ये सौदी अरेबियात अफवा उठली की, जुन्या सिंगर मशिनींच्या सुईत लाल पारा असतो. मोबाइल जवळ नेला आणि तो बंद पडला की पारा असल्याची खूण. लोकांनी एकेका मशीनसाठी हजारो रियाल मोजले. असा कुठला पारा मशीनमध्ये नसतो. पण आखातात आपली मुले नोकरीला आहेत, त्यामुळे अशा अफवा आपल्या मोहल्ल्यांत पोचायला वेळ लागत नाही. अधूनमधून कोणीतरी आमच्या दारात येऊन "पाऱ्यावाली है क्या?" असे हळूच विचारतो. त्याला आम्ही चहा पाजतो आणि मशीन उघडून दाखवतो. आत लोखंड असते, तेल असते आणि कापसाचा भुगा असतो.

आणि कधी मशीन आपली किंमत स्वतः सिद्ध करते. २०२० च्या टाळेबंदीत दुकाने बंद, गिरण्या बंद, गाड्या बंद. तेव्हा महाराष्ट्रभर बचत गटांच्या बायकांनी घरी बसून मुखपट्ट्या शिवल्या. वीज असो वा नसो, पायमशीन चालत राहिली.

आम्हाला संग्रहालय काढायचे नाही. काचेमागे ठेवलेली मशीन वर्षभरात जाम होते. आमचे काम साधे आहे. मशीन आली की तिचा क्रमांक लिहायचा, कोणाच्या घरातून आली ते विचारायचे, तिच्यावर काय काय शिवले गेले ते घरातल्या सर्वांत वयस्क बाईकडून ऐकून वहीत उतरवायचे, दुरुस्त करायची आणि जिला हवी तिला द्यायची. पहिली मशीन आम्ही त्या म्हातारीला परत देऊ केली. तिने हात जोडले. म्हणाली, "अब मेरी नजर काम नहीं करती. जो चलायेगी उसकू देव." मापांचा कागद मात्र तिने ठेवून घेतला. मशीन आता एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडे आहे. ती आपले कपडे आपण शिवते, शेजारच्या दोघी-तिघींचे शिवते, आणि परीक्षा आली की झाकण लावून ठेवते. झाकण लावण्याचा तो हक्क तिच्या आधीच्या मालकिणीला नव्हता.

वाचकांना एवढीच विनंती आहे. तुमच्या घरात, माळ्यावर किंवा पलंगाखाली अशी एखादी मशीन असेल तर विकण्यापूर्वी तिचा क्रमांक पाहा, कप्पा उघडून पाहा. आणि घरात दादी, नानी, फुफी, खाला कोणी हयात असतील तर त्यांना विचारा की, तुम्ही हिच्यावर काय शिवले, कोणासाठी शिवले आणि त्याचे तुम्हाला काय मिळाले. जे सांगतील ते तारखेसह लिहून ठेवा. मशीनला नवा पट्टा आणि नवी सुई अजून बाजारात मिळते. सांगणारी बाई गेली की ती गोष्ट दुसरीकडे कुठेच मिळणार नाही.